पासवर्ड आणि मेहुणे

सही जुळली नाही, तर आम्ही बँकवाले साक्षात खातेदारालाही परत पाठवतो. त्यामुळे मेहुणे आपल्या लिनक्स मशीनचा रूट पासवर्ड विसरले, तेव्हा मी मनातल्या मनात ते मशीन बुडीत खाती टाकलं. पण आमच्या चिरंजीवांनी मशीन पुन्हा सुरू केलं, ग्रबच्या यादीवर 'ई' दाबलं, कर्नलच्या ओळीला 'इनिट=/बिन/बॅश' जोडलं, डिस्क लिहिण्याजोगी करून घेतली आणि 'पासडब्ल्यूडी' म्हणून नवा पासवर्ड बसवला. जुना कुणी विचारलाच नाही!

"अरे, उद्या चोर असाच येऊन बसला तर?"

"बाबा, डिस्क एन्क्रिप्ट केली की चोर अडतो. पण मग मामाही अडतो."

लोक म्हणतात, बँकवाल्यांना काळीज नसतं. असतं हो, एन्क्रिप्ट केलेलं असतं!