उशिराचा हिशेब

ज्या गांवीं आगगाडीची शिट्टी ऐकूं येत नाहीं, त्या गांवच्या मनुष्यानें गाडीच्या उशिरावर लिहावें, हें वाचकांस कदाचित् चमत्कारिक वाटेल. यवतमाळ जिल्ह्यांतील आमचें महागांव नागपूर–तुळजापूर हमरस्त्यावर वसलेलें तालुक्याचें ठिकाण, येथें एस. टी. येते, आगगाडी येत नाहीं. परंतु आमच्या मतें उशिराची खरी किंमत अशाच गांवाला कळते. मोठ्या शहरांतील मनुष्याची गाडी दोन तास उशिरा आली, तर तो दोन तास उशिरा घरीं पोंचतो. आमच्याकडील मनुष्य वर्ध्याच्या किंवा नांदेडच्या स्टेशनावर दोन तास उशिरा उतरला, कीं त्याची शेवटची एस. टी. निघून गेलेली असते; आणि त्या दोन तासांची एक अख्खी रात्र होते.

इतकें असूनहि गाडीचा उशीर आमच्याकडे अवर्षणाच्या सदरांत जमा धरलेला आहे. आमच्या एका विद्यार्थ्याची नोकरीची मुलाखत अशाच एका उशिरापायीं हुकली. जाण्यायेण्याचा खर्च व्यर्थ गेला, तो गेलाच, पण त्याचे वडील आम्हांस म्हणाले, “चालायचंच सर, गाडीच ती!” मुलाखत हुकल्याचें जेवढें दुःख आम्हांस झालें, त्याहून अधिक या एका ‘चालायचंच’नें झालें. पाऊस कोणाचा नोकर नव्हे. त्यानें कोणापासून भाडें घेतलेलें नसतें. रेल्वेनें तें घेतलेलें असतें.

हा भेद न्यायासनानें स्पष्ट केला आहे. २०१६ सालच्या जूनमध्यें एक प्रवासी सहकुटुंब जम्मूस निघाला होता. सकाळीं आठ वाजून दहा मिनिटांनीं पोंचावयाची गाडी दुपारीं बाराच्या सुमारास पोंचली, आणि श्रीनगरचें विमान बाराचेंच! बिचाऱ्यास टॅक्सी करून काश्मीर गांठावें लागलें. राजस्थानांतील अलवारच्या जिल्हा ग्राहक मंचानें त्याला टॅक्सीबद्दल १५,००० रुपये, आरक्षणाबद्दल १०,००० रुपये, आणि मनस्ताप व दाव्याचा खर्च यांबद्दल प्रत्येकीं ५,००० रुपये देवविले. रेल्वे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. गाडी वेळेवर पोंचेल अशी हमी आमचे नियम देतच नाहींत, असा तिचा पक्ष होता. ६ सप्टेंबर २०२१ रोजीं न्यायालयानें तो अमान्य केला. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता, हें रेल्वेनें पुराव्यानिशीं दाखविलें पाहिजे. तें न दाखविल्यास ती सेवेंतील न्यूनताच होय, असा निर्णयाचा मथितार्थ आहे.

आमचे एक विद्वान् स्नेही यावर म्हणाले, “रेल्वे सरकारची, सरकार आपलें, मग भरपाई म्हणजे आपल्याच डाव्या खिशांतून उजव्या खिशांत पैसे टाकणें नव्हे काय?” युक्तिवाद चतुर आहे, पण अपुरा आहे. डावा खिसा सर्वांचा असतो, आणि नुकसान एकट्याचें असतें. शिवाय न्यायालय प्रत्येक उशिराचा दंड मागत नाहीं. पुरानें रूळ वाहून गेले, दाट धुकें पडलें, तर तसें सांगावें आणि सिद्ध करावें. पैशापेक्षां कारण मागण्याचा हा अधिकार आम्हांस मोठा वाटतो. कारण ज्याला कारण द्यावें लागतें, तोच पुढच्या वेळीं घड्याळाकडे पाहतो.

इतर देशांत हा व्यवहार कधींच रूढ झाला आहे. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणें एक तासाच्या उशिरास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांच्या उशिरास निम्मा परत करण्याचा सामान्य दंडक आहे. आपल्याकडेहि अहमदाबाद–मुंबई तेजस गाडी २०२० सालीं सुरू झाली, तेव्हां तासावरील उशिराबद्दल १०० रुपये व दोन तासांवरील उशिराबद्दल २५० रुपये देऊं केलेले होते. ती सोय मात्र पुढें बंद झाली. सर्वसामान्य गाडीच्या प्रवाशास दोन वाटा आहेत. जेथून बसावयाचें तेथेंच गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीं रीतसर मागणी करून पुरें भाडें परत मिळतें. प्रवास करून नुकसान झालें असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ज्या ग्राहक चळवळीचें रोप १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यांत लाविलें, तिच्यासारख्या प्रयत्नांचें फळ म्हणून १९८६ चा कायदा आला. त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या कायद्यानें आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार करतां येते. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असें नाहीं. आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी मुळींच नाहीं.

यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरील अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आमच्या जिल्ह्याला अजून आठवते. ती हळू चाले. पण हळू चालणें निराळें आणि उशिरा येणें निराळें. हळू चालणारा आपला वेळ आधीं सांगून मागतो. उशिरा येणारा न सांगतां घेतो. त्या नांवावरून दुसरीहि एक गोष्ट सुचते. कालिदासाच्या शकुंतलेची अंगठी हरवली, आणि राजाची ओळख बुजली. प्रवाशाची अंगठी म्हणजे त्याचें तिकीट. तें, टॅक्सीची पावती आणि गाडी पोंचल्याच्या वेळेची नोंद इतकें जपून ठेवावें; मग राजाला ओळख पटविणें अगदींच दुर्घट नाहीं.

वर्ध्याहून नांदेडकडे जाणाऱ्या नव्या लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाला. रूळ पुढें सरकत आहेत. ते आमच्या बाजूस येतील तेव्हां येवोत. तत्पूर्वीं ‘चालायचंच’ हा शब्द आमच्या बोलण्यांतून गेला पाहिजे. त्या विद्यार्थ्यानें आपला अर्ज लिहून आम्हांस दाखविला. त्यांत शेवटीं रकमेच्या आधीं त्यानें एक ओळ घातली होती: गाडी कां उशिरा आली, तें कळावें. आम्हीं सगळा अर्ज तपासला. त्या ओळीस मात्र हात लाविला नाहीं.