आजोळच्या शेतात कयाक



निवृत्त माणसाला भेटेल तो विचारतो, "वेळ कसा जातो?" माझं उत्तर ऐकलं की बहुतेक जण आधी हसतात आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघतात. मी कयाक वल्हवतो. वय ७५, शिक्षण बी.कॉम., नोकरी ३६ वर्षं बँकेत आणि छंद हा असला! आमच्या सौभाग्यवतींच्या मते नातवंडांना शोभेल असा छंद आजोबांनी उचललाय. पण नऊ वर्षं झाली, अजून सुटलेला नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींसाठी आधी थोडं सांगतो. कयाक म्हणजे एक-दोन माणसांची अरुंद, लांबट होडी. पाय पुढे पसरून बसायचं. हातात एकच वल्हं, पण त्याला दोन्ही टोकांना पातं असतं. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. कनू वेगळी. तिच्या वल्ह्याला एकच पातं. आणि रबरी तराफ्यातून खडकाळ नदीत सातआठ जणांनी आरडाओरडा करत उतरायचं ते राफ्टिंग. आमच्याकडे पावसाळ्यात सत्तरीतल्या म्हादईवर ते चालतं. भाच्याचा मुलगा जाऊन आला आणि मलाही नेतो म्हणाला. मी त्याला हात जोडले. मला संथ पाणीच बरं.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. रोज सकाळी पणजीत कांपालच्या बाजूला फिरायला जायचो, ते डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं. त्याच सुमारास भाच्याच्या मुलाने दोन कयाक घेतल्या. प्लास्टिकच्या, वर बसायच्या जातीच्या. त्यांना तळाशी भोकं असतात. पहिल्यांदा बघून मी म्हटलं, अरे, ही तर फुटकी आहे! तो म्हणाला, मामाआजोबा, वर आलेलं पाणी खाली जाण्यासाठीच ती भोकं आहेत, होडी आतून पोकळ आहे, बुडत नाही. पोहायला मी लहानपणीच देवळाच्या तळीत शिकलो होतो. बसलो. पहिल्या दिवशी गोल गोल फिरलो. आठवड्याभरात सरळ जाऊ लागलो. लोकांना वाटतं ताकद हाताची लागते. खरं काम कमरेपासून वरचं अंग वळवण्याचं असतं. हातांनीच ओढत बसलात तर अर्ध्या तासात खांदे बोलू लागतात. गुडघ्यांना मात्र पूर्ण रजा, आणि तीही भरपगारी.

आमच्या खाड्यांमध्ये वल्हवायचं तर भरती-सुकतीचा हिशोब यावा लागतो. इथे मला माझं जुनं शिक्षण कामी आलं. गावच्या मराठी शाळेत मास्तरांनी आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली होती. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा नियम असा की तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमी असेल तर दहा पाऊणे साडेसात. म्हणजे सकाळी साडेसात आणि संध्याकाळीही त्याच सुमारास. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. रोज पाऊण तास पुढे. आता मोबाईलवर मुरगाव बंदराचं वेळापत्रक मिळतं, मीही ते बघतोच, पण आधी पाऊणकीने काढतो आणि मग ताडून पाहतो. खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तो धरला की फारसा फरक राहत नाही. ताळेबंद जुळल्याचा आनंद काय असतो ते बँकवाल्यांनाच कळेल.

तर दशमीचा दिवस धरा. साडेसहाला निघायचं. भरतीचं पाणी आपल्याला आत घेऊन जातं. साडेसातच्या पुढेमागे पाणी थबकतं. थर्मासमधला चहा घ्यायची वेळ तीच. मग सुकती लागते आणि आपल्याला घरी आणून सोडते. येताजाता दोन्हीकडे उतार! आयुष्यात असा सौदा दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

आम्ही जातो ते चोडण बेटाच्या कडेच्या फाट्यांमधून. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडणला उतरायचं आणि तिथून पुढे. डॉ. सालिम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य तिथेच आहे. त्याच्या आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून आम्ही बाहेरच्या बाहेर फिरतो. कांदळाची मुळं कमानींसारखी पाण्यात उतरलेली, तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आलेली. निवटे चिखलावर उड्या मारतात. खंड्या समोरून निळा फराटा ओढून जातो. दोनदा पाणमांजरांचं कुटुंब दिसलं. इंजिनाच्या होडीतून हे दिसत नाही, कारण आवाजानेच सगळे पसार होतात. कयाकमध्ये आपण पाण्यापासून वीतभर उंचीवर असतो. बगळासुद्धा फारशी दखल घेत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

चोडण माझं आजोळ. आजोबांचं तिथे खाजण शेत होतं. खाजण म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला मातीचा बांध घालून मिळवलेली जमीन. हा शब्द जुन्या ताम्रपटांतही येतो, इतकी ही पद्धत जुनी. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन असल्याचं सांगतात. बांधात एक दार ठेवतात, त्याला मानस म्हणतात. त्याची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप बंद होते आणि सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. वीज नाही, मोटर नाही. जूनच्या पहिल्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन निघायचं, मग पेरणी. भात कोरगुट, खारेपणा सोसणारं. मानशीवर सापडणारी मासळी वेगळी. बांधाची राखण पूर्वी गावकारीकडे असे. मुक्तीनंतर कुळकायदे आले, आणि ती जबाबदारी कुळसंघांकडे गेली.

आमच्या शेताचा बांध १९९० च्या सुमारास फुटला. त्याआधी दोनदा फुटला होता, तेव्हा मामांनी पदरचे पैसे घालून बुजवला. तिसऱ्या वेळी ते थकले होते. मुलं पणजीत नोकरीला, शेतात उतरायला माणूस नाही. नदीतून खनिजाच्या बार्जी जायच्या, त्यांच्या लाटांनी बांध कसे झिजतात ते काठावर राहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. खारं पाणी आत आलं ते राहिलंच. पाण्याबरोबर कांदळाच्या शेंगा वाहत आल्या, चिखलात उभ्या रुतल्या, आणि वीसेक वर्षांत शेताच्या खालच्या भागात रान झालं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शेत केव्हाच एनपीए झालं होतं. फक्त एक-चौदाच्या उताऱ्यावर आमची नावं राहिली.

आणि त्याच शेतात मी आता कयाक घेऊन शिरतो. बांधाच्या भगदाडातून आत गेलं की पाणी आरशासारखं. वारा लागत नाही, लाट नाही, चहूकडे हिरवं. खरं सांगतो, मांडवीच्या सगळ्या पाण्यात मला आवडणारी जागा हीच. आजोबांचं नुकसान ते माझं सुख, असा तो जमाखर्च. पहिली दोन वर्षं हे मी मामेभावाजवळही बोललो नव्हतो.

गेल्या वर्षी धाकटी मावशी म्हापशाहून राहायला आली होती. वय ८६. आईच्या भावंडांपैकी आता ती एकटीच. मी शेतात होडी घालतो हे कुणीतरी तिला सांगितलं. तिने मला बोलावून विचारलं, "म्हाका व्हरशी?" मला नेशील का? तिच्या मुलाने फोनवर माझी खरडपट्टी काढली. दोन म्हातारे मिळून काय चालवलंय म्हणाला. त्याचं काही चूक नव्हतं. म्हणून आम्ही सगळी तयारी केली. दोघांच्या कयाकमध्ये पुढे पाठ टेकायला नीट जागा केली. लाइफ जॅकेट मावशीने लुगड्यावरूनच घातलं. बाजूला दुसऱ्या कयाकमध्ये मामेभाऊ आणि भाच्याचा मुलगा. दिवस भरती फार न चढणारा निवडला, म्हणजे भगदाडात ओढ कमी असते. आत पाणी कमरेएवढंच.

भगदाडातून आत शिरेपर्यंत ती गप्प होती. मग एकदम हात वर करून म्हणाली, "राव रे पुता." मी वल्हं थांबवलं. एका रांगेत चार-पाच माडांचे बिनशेंड्याचे खुंट पाण्यातून वर आलेले आहेत. मी ते शंभरदा पाहिले होते. ती म्हणाली, ही मोठी मेर, पलीकडे काकांचं, अलीकडे आमचं. मानशीचे चिरे कुठे असतील तेही तिने बोटाने दाखवलं. मामेभावाने वल्हं खाली घातलं तर खरंच दगडाला लागलं.

मग तिने एका रात्रीची गोष्ट सांगितली. श्रावणातलं उधाण, वर पाऊस, आणि बांध फुटायला आलेला. ती तेव्हा बारा वर्षांची. कुणीतरी ओरडत गेलं आणि अख्खा वाडा उठला. पुरुष चिखलाचे गोळे हातोहात देत होते, बायका गवताचे भारे आणत होत्या. कुणाचं शेत आहे हे कुणी विचारलं नाही. तिच्याकडे कंदील धरायचं काम होतं. पहाटे पाणी उतरलं तेव्हा आजीने सगळ्यांना पेज वाढली. "कंदील धरून हात असो भरून आयिल्लो," असं म्हणत तिने आपला हात दाबून दाखवला, जणू कालचीच गोष्ट.

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. ती म्हणाली, "तें वल्हें हांगा दी." पाच मिनिटं तिने वल्हवलं. होडी तिवरांत घुसली, मामेभाऊ हसून हसून बेजार. परतीच्या वाटेवर तिने फक्त एवढं विचारलं की बांध परत घालता येणार नाही का.

हा प्रश्न गावात आधीपासून चालूच होता. तिशी-पस्तिशीतल्या काही मुलांना शेती करायची आहे. जिथे खारफुटी वाढली तिथे हात लावता येत नाही. ती कायद्याने राखलेली आहे, आणि ती तिथे असल्यामुळे काठ धरून राहतो हेही खरं. पण वरच्या अंगाला बराच भाग अजून उघडा आहे. आतल्या बाजूने मेर उंच करून तेवढा तुकडा सोडवता येईल असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. आईच्या वाट्याची सही माझी.

अर्ज माझ्या टेबलावर आठ दिवस होता. नवी मेर पडणार ती नेमकी माझ्या आवडत्या पाण्यातून. अर्धं पाणी जाणार. जे उरेल ते तिवरांच्या गर्दीत, तिथे वल्हं फिरायला जागा नाही. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हातारा होडी खेळायला जागा राहणार नाही म्हणून अडून बसलाय! बायकोने मात्र ओळखलं. ती म्हणाली, नदी कुठे जात नाही. आयुष्यभर मी लोकांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या, त्यात कधी हात अडखळला नाही. या कागदावर मी ती आठव्या दिवशी केली. अर्ज आता मामलेदार कचेरीत आहे. काम कधी सुरू होईल ते बघू. तोवर भरतीला मी आत जातो, आणि आता प्रत्येक वेळी माडांचे खुंट मोजून येतो.

शेवटी, माझ्या वयाच्या कुणाला मोह झाला असेल तर चार अनुभवाचे शब्द. लाइफ जॅकेट बसण्याआधी घाला, बसल्यावर नव्हे. होडी उलटली तर पुन्हा चढायचं कसं ते काठाजवळ, सोबतीला माणूस घेऊन शिका. एकटे जाऊ नका आणि घरी परतीची वेळ सांगून जा. पावसाळ्यात खाडीत उतरूच नका. बार्जींच्या मार्गापासून दूर राहा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. फोंड्याकडच्या काही गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात ते उगाच नाही. तिथे हौस नको. आणि सुकती लागल्यावर आतल्या फाट्यात रेंगाळू नका. पाणी गेलं की मांडीभर चिखल उरतो, आणि पुढच्या भरतीपर्यंत बसून राहावं लागतं.

बडोद्याची, बेळगावची मंडळी, तुमच्या आजोळची जमीन पाण्याखाली गेली असेल, धरणाच्या म्हणा की तलावाच्या, तर जरूर लिहा. तिथे आता कोण जातं, आणि मेर कुठे होती हे सांगणारं कुणी उरलंय का, तेही लिहा. मावशी ८७ची होईल. या मोसमात पुन्हा नेशील का म्हणून तिचा फोन येऊन गेलाय. पाऊणकीने दिवस काढून ठेवला आहे.