बेथानीचा लाजर

चि. मुकुंद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराची कथा म्हणजे ईस्टरच्या पहाटेची केवळ पूर्वपीठिका होय, असे जे विधान तू मोठ्या आत्मविश्वासाने केले आहेस, ते मला मान्य नाही. आणि उमेदीची वर्षे दिवाणी कचेरीत दस्तऐवज चाळण्यात घालविलेल्या माणसाची खोड म्हण, पण मूळ मजकूर पुनश्च बारकाईने पाहिल्यावाचून मला तुला उत्तर लिहवेना.

यरुशलेमेपासून सुमारे कोसभर अंतरावरील बेथानी गावी लाजर दुखणाईत पडला, मार्था व मरीया या त्याच्या बहिणींनी येशूकडे निरोप धाडला, आणि तो पोचूनही येशू आणखी दोन दिवस होता तेथेच राहिला, हे योहान कोणतीही सारवासारव न करता नमूद करतो. येशू आला तेव्हा प्रेत कबरेत ठेवून चार दिवस लोटले होते. मृताला आपण उठविणार हे पक्के ठाऊक असूनही त्याच्या डोळ्यांत अश्रू यावेत, आणि कबरेवरची धोंड काढा म्हणताच व्यवहारी मार्थेने दुर्गंधीची आठवण करून द्यावी, या दोन तपशिलांवर मी तरी लुब्ध आहे. मग ती मोठ्याने मारलेली हाक. आणि हातपाय पट्ट्यांनी बांधलेला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला लाजर बाहेर येतो.

आता विसाव्या अध्यायातील रिकामी कबर पाहा. तेथे तागाची वस्त्रे पडलेली, आणि मस्तकाचा रुमाल निराळा गुंडाळून ठेवलेला. लाजराला कफन पुन्हा लागणार होते, येशूला ते लागणार नव्हते. एवढा भेद असता एकाला दुसऱ्याची पूर्वपीठिका कसे म्हणावे? शिवाय येशूच्या प्रत्यक्ष उठण्याचा क्षण चारांपैकी एकाही शुभवर्तमानात वर्णिलेला नाही.

योहानाचा रोख मला निराळाच दिसतो. बेथानीची वार्ता कानी येताच मुख्य याजक व परूशी सभा भरवितात, सबंध राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरणे हिताचे, असा सल्ला महायाजक कयफा देतो, आणि त्या दिवसापासून येशूच्या वधाची मसलत चालू होते. पुढे तर लाजरालाही ठार मारण्याचा बेत ठरतो. (चार दिवसांच्या मढ्याला उठविणाऱ्यावर हाच उतारा सुचावा, ही कारभारी बुद्धी खरोखर अजब!) इतर तीन शुभवर्तमानांत ही कथाच नाही, मार्कात याजक जिवावर उठतात ते मंदिरातील बाजार उधळल्यावर. योहानाच्या हिशेबी मात्र मित्राला दिलेला प्राण हाच येशूच्या मृत्युदंडाची सबब ठरतो. मृत्यूवरील सत्ता तो गाजवितो ती स्वतःचा जीव तारण ठेवून.

तरी अकरावा व बारावा अध्याय एका बैठकीत वाच आणि मगच माझे म्हणणे खोडून काढ. वाचताना एवढे ध्यानात घे की, ज्याच्यापायी हे सारे घडले त्या लाजराच्या तोंडी योहानाने एकही शब्द घातलेला नाही.

कळावे, हे आशीर्वाद.