सशांच्या बेटासमोर

भूमध्य समुद्रांतील लांपेदूसा हें बेट इटलीच्या राज्यांतलें. पण नकाशा उघडून पाहिल्यास तें सिसिलीपेक्षां आफ्रिकेंतील ट्युनिशियालाच अधिक जवळ आहे, असें वाचकांच्या ध्यानांत येईल. तेथील ‘सशांचा किनारा’ पाहण्याची इच्छा आमच्या मनांत बरेच दिवस होती.

गाडी वरच्या रस्त्यावरच सोडावी लागते. उघड्या, खडकाळ उतारावरून पायवाटेनें खालीं आलों, तों शुभ्र वाळूची लहानशी चंद्रकोर पुढें दिसली. पाणी इतकें निर्मळ कीं, दूर उभ्या असलेल्या होडीची सावली तळच्या वाळूवर स्पष्ट उमटली होती. समोरच सशांचें चिमुकलें बेट. उन्हाळ्यांत रात्रीं समुद्रकासवी येऊन या वाळूंत अंडीं घालतात. एकेका घरट्यांत शंभरांच्या आसपास. तीं पायदळीं तुडवलीं जाऊं नयेत म्हणून घरट्यांभोंवतीं कुंपण करतात. नाना फडणिसांच्या वेळासलाही कासवांचीं अंडीं अशींच जपतात, याचें स्मरण झालें आणि तो परका किनारा क्षणभर घरचा वाटला.

स्नानासाठीं पाण्यांत पाऊल टाकलें मात्र, आणि आम्ही थबकलों. याच बेटाजवळ ३ ऑक्टोबर २०१३ रोजीं पहांटे लिबियाहून आलेली, निर्वासितांनीं खचाखच भरलेली बोट बुडाली. त्यांतील बहुतेक लोक इरिट्रियाचे होते. किनारा दिसत होता. मदतीची खूण म्हणून कोणींतरी घोंगडी पेटविली. आग भडकतांच माणसें एका बाजूस धांवलीं व बोट उलटली. ३६८ जीव गेले. जवळपासच्या होडीवाल्यांनीं व तटरक्षकांनीं १५५ जणांना वांचविलें.

कासवांच्या अंड्यांना कुंपण आणि माणसांना मात्र जलसमाधि, असा कडवट विचार प्रथम मनांत आला. पण तो न्यायाचा नव्हता. त्या पहांटे हात देऊन बुडणारांना वर ओढणारे बेटावरचेच लोक होते. दोष असेल तर तो दूरच्या राजधान्यांचा.

स्नान करावें कीं परत फिरावें, हें आम्हांस बराच वेळ सुचेना. मग आठवलें, आपल्या तर्पणांत ज्यांना कोणी नाहीं त्यांच्याही नांवें एक अंजलि असते. मंत्र नीट येत नव्हता. नांवें तर एकाचेंही ठाऊक नव्हतें. ओंजळभर पाणी उचलून तेंच समुद्राला परत दिलें, आणि मग स्नान केलें.