सायकल हिरवी, पण तिचे भंगार कुणाच्या दारात?

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही एक गोणी घेऊन वस्तीच्या तोंडाशी असलेल्या भंगाराच्या दुकानात गेलो. गोणीत आमच्या डोंगरी सायकलीचा सात वर्षांचा संसार होता. तीन झिजलेले टायर, ठिगळे लावून लावून निकामी झालेल्या ट्यूब, वाकलेली ॲल्युमिनियमची रिम, चिरलेले हेल्मेट, ताणलेली चेन आणि एका मित्राने तडा गेल्यावर आमच्याकडे टाकलेला कार्बन फायबरचा हँडलबार. दुकानात माल निवडणाऱ्या ताई आम्हाला ओळखतात, त्यांची मुलगी आमच्या अभ्यासवर्गात येते. त्यांनी गोणी उपडी केली. रिम आणि चेन काट्यावर ठेवली. हेल्मेटच्या आतला थर्माकोल पाहून ते बाजूला सारले. टायर-ट्यूबकडे पाहिलेही नाही. हँडलबार मात्र बराच वेळ चाचपला, लोहचुंबक लावून पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, हे लोखंड नाही, ॲल्युमिनियम नाही, प्लास्टिकवाला पण घेणार नाही. केवढ्याचं होतं?"

किंमत सांगितली. त्या हसल्या. "एवढ्यात माझं तीन महिन्यांचं खोलीभाडं निघतं."

मित्रहो, सायकल म्हणजे पर्यावरण, हे आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो. आम्हीही रविवारी सकाळी पुण्याच्या टेकड्यांवर सायकल घेऊन जाताना स्वतःला निसर्गाचे मित्र समजत होतो. त्या दिवशी काट्यासमोर उभे राहिल्यावर लक्षात आले की आमच्या छंदातला निम्मा माल असा आहे, ज्याला जगात कुणीच वाली नाही. तो शेवटी त्या ताईंच्याच वस्तीमागच्या ढिगावर जाऊन पडणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमचेच कार्यकर्ते विचारतील की हे साधेपणाचे प्रवचन आपल्याला कशाला? प्रश्न योग्य आहे. आपल्या आज्या-पणज्यांना चांगले कापड अंगावर घालण्याची, धातूची भांडी वापरण्याची मुभा नव्हती. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके लुगडे नेसण्याचे आवाहन केले, ते उपभोगासाठी नव्हे, माणूसपणासाठी. बाबासाहेबांचा सूट हीदेखील एक भूमिकाच होती. त्यामुळे आपल्या पोरांनी चांगली सायकल घेतली, डोंगरावर गेली, तर आम्हाला अभिमानच आहे. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सर्व काही होते त्यांनी आता आपल्याला काटकसर शिकवू नये.

पण हक्काने वस्तू घेणे वेगळे आणि बाजाराच्या धाकाने वस्तू बदलत राहणे वेगळे. आमची सायकल जुनी, 26 इंची चाकांची. चार वर्षांपूर्वी तिचा पुढचा फोर्क तेल गळू लागला. एका मोठ्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या मुलाने सायकलकडे न बघताच सांगितले, "सर, आता ट्वेंटीनाइनचा जमाना आहे. यात पैसे घालू नका, नवीन घ्या." खरे सांगतो, आम्हाला लाज वाटली. एमए झालेला, वर्गात शोषणावर बोलणारा माणूस, आणि जुन्या सायकलीची लाज! घरी येऊन रात्रभर मोबाइलवर नव्या सायकलींचे हप्ते मोजत बसलो. हा धाक नवा आहे, पण त्याची चव जुनी आहे. तुझ्याजवळ जे आहे ते कमी दर्जाचे, म्हणून तूही कमी दर्जाचा.

नंतर कळले की फोर्कला फक्त सील आणि तेल हवे होते. पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी ते दोन दिवसांत केले. फोर्क आजही चालतो.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तोच भंगारातून. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण 1930-40 च्या काळातल्या जाडजूड, टाकून दिलेल्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली सोडत. 1976 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचे नावच 'रिपॅक'. उतारावर मागच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. 1981 मध्ये कारखान्यात बनलेली डोंगरी सायकल बाजारात आली. पुढे चाके 26 ची साडेसत्तावीस आणि 29 झाली, मागचा ॲक्सल 142 मिलिमीटरचा 148 झाला. यातल्या काही बदलांनी सायकल खरोखर सुधारली. पण प्रत्येक बदलाबरोबर जुन्या सायकलींना सुटे भाग मिळणे अवघड झाले. सायकल मोडली म्हणून कमी, आणि भाग बसत नाही म्हणून जास्त, असे तिचे भंगार होते.

आता आकड्यांकडे येऊ. ट्रेक या अमेरिकन कंपनीने 2021 मध्ये आपल्या सायकलींचा कार्बन हिशेब जाहीर केला. त्यात मार्लिन ही साधी डोंगरी सायकल तयार होताना 116 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, तर बॅटरीवरच्या रेल या डोंगरी सायकलीचा 229 किलो. कंपनीचेच म्हणणे असे की साधारण 430 मैल, म्हणजे जवळपास 700 किलोमीटर प्रवास गाडीऐवजी सायकलने केला की सरासरी सायकलीचा भार फिटतो. या वाक्यातला 'गाडीऐवजी' हा शब्द महत्त्वाचा. आमच्या गटातले काही मित्र दर रविवारी चारचाकीच्या मागे सायकल बांधून घाटापर्यंत जातात. येऊन-जाऊन 100 किलोमीटर. लिटरला 15 किलोमीटर धरले तर साडेसहा लिटरच्या वर पेट्रोल, आणि एका लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका रविवारचे 15 किलो. आठ रविवारांत एक नवी मार्लिन तयार होण्याइतका धूर! अशा सायकलीने गाडीचा एकही किलोमीटर वाचवलेला नसतो, उलट वाढवलेला असतो.

कार्बनचा हिशेब मांडला तरी माणसांचा हिशेब उरतोच. एक टन ॲल्युमिनियमसाठी चारेक टन बॉक्साइट खणावे लागते. ते कुणाच्या डोंगराखाली असते? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ओडिशातल्या नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर खेळाचे मैदान नाही, जगणे आहे. तरी ॲल्युमिनियमचे एक बरे. ते पुन्हा वितळते, आणि त्याला नव्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणून ताईंच्या काट्यावर त्याला भाव आहे. कार्बन फायबर ज्या रेझिनमध्ये बसवतात ते एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणून त्याला भाव नाही.

आणि टायर? जानेवारी 2025 मध्ये आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात टायर तापवून तेल काढणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. दोन महिला आणि दोन मुले मेली. तिथे परदेशातून आलेले टायर येत होते. ते मुख्यतः मोटारींचे असतात, सायकलीचा वाटा त्यात नगण्य असेल. पण जुन्या रबराची वाट कुठे जाते हे त्यातून दिसते. ती श्रीमंताच्या गॅरेजमधून निघते आणि गरिबाच्या अंगणात संपते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून उभी आहे, तिच्या बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया आहेत. हा योगायोग नाही. जात ही केवळ कामाची नाही तर काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच सांगितले. आज 'रिसायकल' असे इंग्रजी नाव दिले तरी वाटणी तीच आहे.

मग उपाय काय? विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. आनंदांना पाचशे चीवरे दान मिळाली तेव्हा उदयन राजाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. जुन्या चीवरांचे? पांघरूण. त्या पांघरुणाचे? गादीची खोळ. मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी ते कुटून मातीत कालवून लिंपण. राजाचे समाधान झाले. आम्हाला यात आवडते ते असे की आनंदांनी दान नाकारले नाही. त्यांनी शेवटपर्यंतचा हिशेब दिला.

आमच्या मते सायकलीचे सामान टिकाऊ ठरते ते लेबलवरच्या हिरव्या पानाने नव्हे, अशा हिशेबाने. म्हणून आम्ही आता काही विकत घेण्याआधी दोघांना विचारतो. मिस्त्रीकाकांना, "हे उघडून दुरुस्त होईल का?" आणि ताईंना, "हे मोडल्यावर तुम्ही घ्याल का?" दोन्हीकडे नकार आला तर ती वस्तू स्वस्त असली तरी आम्हाला महाग आहे. हेल्मेटला हा नियम लावत नाही. डोके फुटण्यापेक्षा थर्माकोल परवडला. बाकी नियम साधे. सायकल शक्यतो जुनी घ्यावी, धातूची घ्यावी. चेन वेळेत बदलावी, म्हणजे मागची दातेरी चक्रे वाचतात. टेकडीपर्यंत सायकलनेच जावे. चिखलात चाके घालून पायवाट उकरू नये. आणि तीच सायकल सोमवारी कामालाही न्यावी.

एवढ्याने खाणी थांबणार नाहीत, हे आम्हालाही कळते. दुरुस्तीचा हक्क, सुटे भाग पुरवण्याची सक्ती, आपला माल परत घेण्याची कंपनीवर जबाबदारी आणि कचरावेचकांना त्या कामाचा मोबदला, या मागण्या संघटित होऊनच कराव्या लागतील. पण ज्याने स्वतःच्या गोणीचा हिशेब केला नाही, त्याच्या मागणीला वजन येत नाही.

तो हँडलबार ताईंनी आम्हाला परत दिला. अजून घरात पलंगाखाली पडून आहे. त्या भेटल्या की विचारतात, "दादा, त्याचं काय केलं?" उत्तर सापडलेले नाही. सापडेपर्यंत तो तिथेच राहील, त्यांच्या दारात जाणार नाही.

जय भीम.