तिसऱ्या गोपुराचा कळस

बेळगावात, शहापूरच्या आमच्या घरी दर गुरुवारी दुपारी सोप्यात कसुतीचं मंडळ बसायचं. मंडळाला नाव नाही, पाटी नाही. गल्लीतल्या दहा-बारा बायका, निम्म्या मराठी, निम्म्या कन्नड. सोबत सुया, रंगीत रेशीम, इरकली साड्या आणि दोनदा चहा.

कसुती हा धारवाडकडचा कशिदा. यात कापडावर आधी नक्षी काढत किंवा छापत नाहीत. कापडाचे धागे मोजून सुई घालायची. गोपूर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती सगळं मोजणीवर. गावंती, मुरगी, नेयगी, मेंथी हे चार टाके. गावंतीत एकेक घर सोडत पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत येताना रिकामी घरं भरायची. गाठ मारायची नाही, म्हणून नक्षी उलट-सुलट सारखीच दिसते. पण जाताना एक धागा जरी चुकला, तरी परतीची वाट जुळत नाही.

बाबा गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. आईने घराबाहेर पडणं सोडलं, मंडळ दुसऱ्या घरी बसू लागलं. दोन महिन्यांनी शेजारच्या अक्का अर्धवट साडी घेऊन आल्या. "वहिनी, ह्यात कुठं तरी मोजणी चुकलीय. आम्हा कुणाला सापडंना. तेवढं बघून द्या की."

आईने चष्मा शोधला. दोन दिवस ती खिडकीपाशी बसून धागे मोजत होती. पुढच्या गुरुवारी साडी परत न्यायला सगळ्याच आल्या आणि सोपा पुन्हा भरला.

मी परवा आईला विचारलं, "चूक होती तरी कुठे?"

"तिसऱ्या गोपुराच्या कळसात. पण अक्कांची मोजणी कधी चुकत नाही रे. मुद्दाम घातली होती."

"मग तू बोलली नाहीस?"

"बोलायचं काय त्यात? उसवलं, नीट केलं, साडी दिली."

आता मंडळात सहाजणीच येतात. बाजारात यंत्रावरची 'कसुती' स्वस्त मिळते. साडी उलटी करून पाहिली की फरक कळतो. सुट्टीत गावी गेलो की मीही सुई घेऊन बसतो. दिवसभर संगणकावर चुका शोधणारा मी, पण माझी नेयगी चौथ्या ओळीतच भरकटते. अक्का काही न बोलता कापड आईकडे सरकवतात.