अफ्रोडिसियासचे पाथरवट

पामुक्कलेहून गाडीने साधारण दीड तासात आम्ही तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियास या प्राचीन शहराच्या अवशेषांपाशी पोचलो. वाहनतळापासून पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसून जायचं. पूर्वी या अवशेषांवरच गेरे नावाचं गाव नांदत होतं. १९५८ मध्ये छायाचित्रकार आरा ग्युलेर वाट चुकून गावात शिरले, तेव्हा प्राचीन खांब आणि कोरीव दगड गावकऱ्यांच्या रोजच्या वापरात होते. १९६१ पासून पुरातत्त्वज्ञ केनान एरिम यांनी इथे उत्खनन केलं, १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत. तेत्रापिलॉन या देखण्या महाद्वाराजवळच त्यांची कबर आहे.

सुमारे ३०,००० प्रेक्षकांचं स्टेडियम भव्य आहेच. पण मी रेंगाळलो ते सभागृहाजवळ. इथेच शिल्पकारांची कार्यशाळा सापडली. संगमरवराची खाण शहरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. पांढरा आणि निळसर करडा, दोन्ही दगड हाताशी. इथल्या अरिस्तेआस आणि पापियास यांनी सही केलेली शिल्पं रोमजवळ, सम्राट हेड्रियनच्या प्रासादात मिळाली. कार्यशाळेत मात्र अर्धवट कोरलेली कामं निघाली, आणि शिकाऊ हातांनी सरावासाठी घडवलेली पावलंही. अपुऱ्या दगडावर छिन्नीच्या रेघा स्पष्ट दिसतात. पूर्ण झालेल्या मूर्तीत कारागीर लपतो. इथे त्याचा हात कसा फिरला, कुठे थांबला, ते कळतं. मला तरी गुळगुळीत देवतांपेक्षा हे दगड जास्त बोलके वाटले.

संग्रहालयात सेबास्तेइऑनची उठावशिल्पं आहेत. पहिल्या शतकात सम्राटांच्या गौरवासाठी उभारलेल्या या वास्तूचा शोध १९७९ मध्ये लागला. एका शिळेवर सम्राट क्लॉडियस ब्रिटानियाला जमिनीवर दाबून तिचे केस मागे ओढतोय. ब्रिटानिया म्हणजे जिंकलेला ब्रिटन, बाईच्या रूपात. गौरव विजेत्याचा करायचा होता, पण नजर खिळते तिच्यावर. घसरलेलं वस्त्र, पिळवटलेलं अंग. पराभव म्हणजे काय, हे त्या पाथरवटाला पुरतं ठाऊक असावं. काही शिळांवरच्या देवता पुढे ख्रिस्ती काळात छिन्नीनेच खरवडल्या गेल्या. अफ्रोडाइटी देवीच्या मंदिराचंही तेव्हा चर्च झालं.

आपल्याकडच्या तुर्कस्तान सहली बहुधा इफेसस आणि पामुक्कले करून पुढे निघतात. शिल्पाची आवड असेल त्याने अफ्रोडिसियाससाठी अख्खा दिवस मोकळा ठेवावा, आणि संग्रहालय घाईत उरकू नये.